देवनगरींत एक दिवस

या सदराच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं अलीकडे एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. चिरंजीवांनीं किंवा जांवयांनीं थायलंडच्या सहलीचा बेत ठरविला आहे. त्या सहलींत बँकॉक शहराला एकच दिवस दिलेला आहे. तर त्या एका दिवसांत घरांतील वडील माणसांनीं काय पाहावें, आणि मुळांत जावें कीं न जावें? आम्ही गेल्या माघांत मुलगा, सूनबाई व दोन नातवंडें यांच्यासह तो एक दिवस अनुभवून आलों आहों, तेव्हां स्मरण ताजें आहे तोंवर लिहितों. जावें कीं नाहीं याचें उत्तर आरंभींच देऊन टाकतों : गुडघे धड असतील तर अवश्य जावें. समुद्रोल्लंघनाचा वाद आमच्या आजोबांच्या पिढीबरोबर संपला. मुंबईहून विमान सुमारें साडेचार तासांत तेथें उतरतें. आम्हां राजूरकरांना मुंबई गांठावयास याहून अधिक वेळ लागतो. तेथील घड्याळ आपल्या घड्याळाच्या दीड तास पुढें आहे, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे झालें.

बँकॉक हें नांव परदेशीयांच्या तोंडचें. तेथील लोक आपल्या राजधानीस क्रुंग थेप म्हणतात. क्रुंग म्हणजे नगर, आणि थेप म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून आपला देव. १७६७ सालीं ब्रह्मी सैन्यानें अयुथया ही जुनी राजधानी उद्ध्वस्त केली. ही अयुथया म्हणजे अयोध्याच. पुढें १७८२ सालीं चक्री घराण्याच्या पहिल्या रामानें चाओ फ्राया नदीच्या पूर्व तीरावर नवी राजधानी वसविली. तिचें पूर्ण नांव थाई लिपींत १६८ अक्षरांचें आहे! महानगर, अमर, रत्नकोसिंद्र, महेंद्र, अयोध्या, महातिलक, नवरत्न, राजधानी, पुरीरम्य, उत्तम, राजनिवेशन, महास्थान, अमरविमान, अवतार, स्थित, शक्रदत्तिय, विष्णुकर्म, प्रसिद्धि, अशी ती माळ चालते. शक्र म्हणजे इंद्र, आणि विष्णुकर्म म्हणजे आपला विश्वकर्मा. इंद्रानें दिलेली व विश्वकर्म्यानें उभारलेली नगरी, असा शेवटच्या पदांचा अर्थ. बाणभट्टाचे समास फोडण्यांत ज्याचें तारुण्य गेलें त्यास ही पाटी वाचतांना काय वाटलें असेल, तें निराळें सांगावयास नको.

या लोकांची एक गंमत अशी कीं, ते लिहितात एक आणि उच्चारतात एक. लिहितांना मूळ संस्कृत-पाली अक्षर सोडीत नाहींत. बोलतांना मात्र शेवटचीं अक्षरें गिळून टाकतात. त्यामुळें भूमिबल अतुल्यतेज या राजाचा 'भूमिबोन अदुन्यदेत' होतो, आणि वज्रालंकरणाचा 'वजिरालोंगकोन'. हें एकदां उमगलें म्हणजे रस्त्यावरील नांवें उकलूं लागतात. आठवड्याचे वारच पाहा. रविवारीं आदित्याचा 'आथित', सोमवारीं चंद्राचा 'चान', बुधाचा 'फुत', शुक्राचा 'सुक'. आणि मंगळवारास ते 'अंगखान' म्हणतात. मूळ शब्द अंगार! आमचें राजूर हें गणपतीच्या साडेतीन पीठांपैकीं एक मानलें जातें. गजाननानें वरेण्य राजास गणेशगीता सांगितली ती येथेंच, अशी इकडील परंपरा आहे, आणि अंगारकी चतुर्थीस जालना व भोकरदन या दोन्ही बाजूंनीं पायीं येणारांची रीघ लागते. या अंगारकीचा अंगारक बँकॉकच्या भिंतीवरील दिनदर्शिकेंत दर आठवड्यास भेटतो, हें नातवास सांगितलें तेव्हां त्यानें उरलेल्या सहलीभर वारांचा पाठ धरला.

आतां प्रत्यक्ष दिवस. राजवाडा साडेआठ वाजतां उघडतो. तेथें आठालाच जाऊन उभें राहावें, कारण दहानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही असह्य होतात. दुपारीं साडेतीनला प्रवेश बंद होतो. खांदे व गुडघे झांकलेले असावे असा कडक नियम आहे. धोतर-सदऱ्यास किंवा नऊवारीस कसलीच अडचण येत नाहीं. अडचण होते ती आंखूड विजारी घालून आलेल्या तरुणांची. वेशीबाहेर गोड बोलणारा कोणी भेटेल आणि 'आज राजवाडा बंद आहे, दुसरीकडे नेतों' असें सांगेल. त्याचें ऐकूं नये. तो शेवटीं रत्नांच्या दुकानांत नेऊन सोडतो. ही तेथील जुनी व प्रसिद्ध फसवणूक आहे.

राजवाड्याच्या आवारांतच वात फ्रा केओ हें मंदिर आहे. 'वात' म्हणजे संस्कृतांतील वाट, अर्थात् कुंपण घातलेली जागा. आपला 'वाडा' त्याच मुळाचा. आंतील बुद्धमूर्तीस पाचूचा बुद्ध म्हणतात, परंतु ती खऱ्या पाचूची नसून एका अखंड हिरव्या दगडाची आहे व उंची अवघी ६६ सेंटिमीटर. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशीं वर्षांतून तीन वेळां तिचीं वस्त्रें बदलतात, आणि तें काम राजाचें असतें. ऋतुमानाप्रमाणें देवाची काळजी घेण्याची ही रीति चंदनउटी लावणाऱ्या आपल्या माणसांस सहज समजते.

पण आम्हांस तेथें सर्वांत अधिक वेळ लागला तो भोंवतालच्या ओवरींत. सबंध रामकथा भिंतीवर १७८ चित्रांत रंगविलेली आहे. त्या कथेस 'रामकियन' म्हणतात, म्हणजे रामकीर्ति. पहिल्या रामानें १७९७ सालीं तिची मोठी संहिता सिद्ध करविली. वाडे, होड्या, शिपायांच्या टोप्या, सर्व थाई. दशकंठ हिरव्या तोंडाचा, हनुमान पांढराशुभ्र. आमच्या बसमध्यें एक गृहस्थ होते, चांगले शिकलेले, बोलण्यास मोकळे. राजवाड्यांत पाऊल टाकल्यापासून त्यांचें एकच पालुपद चाललें होतें : 'हें सर्व आपलेंच. यांनीं आपल्याकडूनच नेलें.' मार्गदर्शक बाई थाई होती व इंग्रजी बऱ्यापैकीं बोलत होती. ती प्रत्येक वेळीं मंद हंसे आणि पुढें चाले. एका चित्रापाशीं हनुमान एका मत्स्यकन्येचा अनुनय करीत आहे. तिचें नांव सुवर्णमत्स्या, रावणाची लेक. तें पाहून गृहस्थ भडकले. मारुतिराय ब्रह्मचारी, हें चित्र चुकीचें आहे, असें त्यांनीं त्या बाईस सुनावलें. आणि सीता ही रावणाचीच टाकलेली मुलगी असें रामकियनांत आहे हें कळल्यावर तर त्यांनीं हातच जोडले, पण ते भक्तीनें नव्हेत.

आम्हीं त्यांस बाजूस घेऊन सांगितलें तें येथेंहि सांगतों. सीता मंदोदरीच्या पोटची ही कथा थाई लोकांनीं रचलेली नाहीं; ती आपल्या अद्भुत रामायणांत आहे, आणि गुणभद्राच्या जैन उत्तरपुराणांतहि आहे. मारुतीच्या घामाचा थेंब मासोळीनें गिळला आणि मकरध्वज जन्मला, ही गोष्ट आपल्या आजीनेंच आपल्याला सांगितलेली असते. ज्या लक्ष्मणरेषेवर आपल्याकडे कीर्तनकार तासभर बोलतात ती वाल्मीकींत शोधूनहि सांपडत नाहीं. पैठणच्या नाथांनीं भावार्थ रामायण लिहिलें तेव्हां रामकथा गोदातीराची झाली. तशीच ती चाओ फ्रायाच्या तीरीं गेली व तेथील झाली. भिंतीवरील राम कोणाच्या पदरीं बाकी काढावयास तेथें उभा नाहीं.

'आपलें' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास ते शिकविण्याची गरज नसावी. घर आपलें, शेत आपलें, हा एक अर्थ; लेक आपली, हा दुसरा. लेक सासरीं गेली म्हणजे ती आपली राहते, परंतु तिच्या स्वयंपाकघरांत शिरून डबे उघडण्याचा अधिकार आपल्यास राहत नाहीं. पूर्वीं तर मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचें पाणीहि घेत नसे. शब्द, कथा आणि देव हीं अशींच दिलीं गेलेलीं आहेत. त्यांस तेथें दीड-दोन हजार वर्षें झालीं. तीं त्या घरच्या चालीरीतींत मुरलीं, त्यांस मुलेंबाळें झालीं. आपण जावें, चौकशी करावी, कौतुक करावें, आणि आपल्या तोंडचा एखादा जुना शब्द लेकीच्या मुलांच्या तोंडीं ऐकून सुखावावें. 'हें भांडें आमचें' असें म्हणत घरभर फिरणारा व्याही कोणास आवडेल?

राजवाड्यापासून जवळच वात फो आहे. तेथें पायीं जातां येतें. निजलेल्या बुद्धाची मूर्ति ४६ मीटर लांब, म्हणजे सुमारें दीडशें फूट, आणि १५ मीटर उंच आहे. तळपायांवर शिंपल्यांच्या जडावानें १०८ मंगलचिन्हें काढलेलीं आहेत. मागील बाजूस १०८ धातूचीं पात्रें ओळीनें ठेविलेलीं असून लोक त्यांत एकेक नाणें टाकीत जातात. त्याचा नाद देवळांतील घंटेपेक्षां कीर्तनांतील टाळांसारखा वाटतो. तथापि शिक्षकाच्या दृष्टीनें पाहण्याजोगी वस्तु वेगळीच आहे. तिसऱ्या रामानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत वैद्यक, छंदःशास्त्र, नीति असे नाना विषय शिलांवर कोरवून या मंदिरांत बसविले, जेणेंकरून ज्यास शाळा नाहीं त्यानें भिंतीवरून शिकावें. युनेस्कोनें २०११ सालीं या शिलालेखांची जागतिक स्मृति म्हणून नोंद केली आहे. आवारांत ऋषींच्या लहान मूर्ति आहेत, कोणी पाय ताणलेला, कोणी मान वळविलेली; तीं अंग मोकळें करण्याचीं आसनें होत. आमच्या गुडघ्यांस त्यांतील दोन ताबडतोब उपयोगी पडलीं.

नदीपलीकडील वात अरुण होडीनें गांठावयाचें. अरुण तो आपलाच, सूर्याचा सारथी. चिनी भांड्यांच्या तुकड्यांनीं मढविलेलें उंच शिखर म्हणजे मेरु पर्वत, आणि वर ऐरावतावर इंद्र बसलेला. पायऱ्या फार उभ्या आहेत. साठी उलटलेल्यांनीं खालूनच पाहावें, त्यांत कांहीं उणें होत नाहीं. वात त्रैमितांतील सोन्याचा बुद्ध, ज्याचा चुन्याचा लेप १९५५ सालीं मूर्ति हलवितांना फुटला आणि आंत सुमारें साडेपांच टन सोनें निघालें, तो आम्हीं बसमधून उतरून दहा मिनिटांत पाहिला.

जेवणाचा प्रश्न घरोघर विचारला जातो, म्हणून थोडें स्पष्ट लिहितों. शाकाहारास थाई शब्द 'मांगसविरत' असा आहे, म्हणजे मांसविरति! परंतु हा शब्द ऐकून निर्धास्त होऊं नये, कारण त्यांत अंडें चालतें. आपल्यास हवा तो शब्द 'जे'. ज्या खाणावळीवर पिवळ्या पताकेवर तांबड्या अक्षरांत ही खूण असते तेथें मांस, मासे व अंडीं तर नसतातच, पण लसूण आणि कांदाहि वर्ज्य असतो. चातुर्मास पाळणाऱ्या सूनबाईंस हा शोध फार मोलाचा वाटला. इतरत्र भाजींतसुद्धां माशाचें पाणी मिठाच्या जागीं घालतात. तें नको असें आधीं सांगावें लागतें.

दुपारनंतर सहलीच्या कार्यक्रमांत 'रत्नभांडार-दर्शन' असें भारदस्त नांव लिहिलेलें होतें. तें दुकान होतें. तेथें दोन तास घालवावयाचे, असें ठरलेलें. असल्या थांब्यांचा हेतु काय असतो हें सांगणें नलगे. ज्यांस घ्यावयाचें असेल त्यांनीं खुशाल घ्यावें; परंतु एका दिवसांतील दोन तास म्हणजे लहानसहान दान नव्हे. मुलानें मार्गदर्शक बाईस विचारून भाड्याची मोटार केली, आणि आम्ही मंडळी देवस्थानाकडे वळलों. वाचकांपैकीं जे जातील त्यांस आमची एवढीच आग्रहाची सूचना : कार्यक्रमांत नसलें तरी हें ठिकाण सोडूं नये.

रस्त्याच्या मधोमध तांबड्या रंगाचे दोन प्रचंड खांब उभे आहेत, उंची सुमारें २१ मीटर. हा एके काळीं झोपाळा होता. १७८४ सालीं पहिल्या रामानें तो उभारला. शिव वर्षांतून एकदां पृथ्वीवर येतो, त्याच्या स्वागतासाठीं तरुण उंच झोंके घेत आणि वेळूच्या टोंकास टांगलेली नाण्यांची पिशवी दांतांनीं पकडीत. माणसें पडून दगावूं लागलीं तेव्हां १९३५ सालीं हा खेळ बंद झाला. खांब मात्र राखले आहेत. २००७ सालीं नवे सागवानी सोट आणून ते पुन्हा उभे केले. शेजारींच देवस्थान. पांढऱ्या भिंतींचीं तीन साधीं देवळें : शिवाचें, गणपतीचें आणि विष्णूचें. राजवाड्याच्या सोन्यानंतर येथें डोळे निवतात. गणपतीस ते 'फ्रा फिखनेत' म्हणतात, म्हणजे विघ्नेश. तो तेथें विशेषेंकरून कलांचा देव आहे. सरकारच्या ललितकला-विभागाच्या मुद्रेवर आणि सिल्पाकॉर्न विद्यापीठाच्या चिन्हावर त्याचीच मूर्ति आहे. राजुरेश्वराचे आम्ही, तेथें बसून अथर्वशीर्षाचें एक आवर्तन केलें. कोणी अडविलें नाहीं.

येथील पुरोहित शुभ्र वस्त्रें नेसतात व केसांचा बुचडा बांधतात. मे २०१९ मध्यें वज्रालंकरण राजाचा राज्याभिषेक झाला, तेव्हां राजचिन्हें त्यांच्याच प्रमुखानें अर्पण केलीं. त्याच्या पदवींत 'राजगुरु' हा शब्द अजून आहे. आपले गृहस्थ बरोबर असते तर येथें त्यांस पुन्हा भरतें आलें असतें. परंतु या पुरोहितांचे पूर्वज दक्षिणेकडून गेलेले. झोपाळ्याच्या त्या उत्सवाचें 'त्रियंपवाय' हें नांव माणिक्कवाचकरांच्या 'तिरुवेंपावै' या तमिळ स्तोत्रावरून पडलें आहे, आणि जें म्हणतात त्यांत जुनें तमिळ आहे. उच्चार इतके पालटले आहेत कीं तमिळ मनुष्यासहि तें चटकन ओळखूं येणार नाहीं. तरीहि पिढ्यान्पिढ्या तें म्हटलें जात आहे. अर्थ सुटला तरी पाठ सोडला नाहीं, हें चांगलें कीं वाईट याचा निवाडा आम्ही करीत नाहीं; आपल्याकडेहि संध्या करणारांत असे पुष्कळ निघतील. आणि न करणारे त्याहून पुष्कळ.

परततांना राजवाड्यासमोरील मोठें मैदान लागलें. तेथें दर वर्षीं मे महिन्यांत राजाच्या वतीनें पेरणीचा सोहळा होतो. त्याचें नांव 'फुइच्च मोंगखोन', म्हणजे बीजमंगल. पवित्र नांगर धरतात त्यास 'नंगखान' म्हणतात. पालींत नंगल, संस्कृतांत लांगल, आणि आपल्या शेतांत नांगर. बैलांपुढें भात, मका, मूग, तीळ, गवत, पाणी आणि मद्य अशा सात वस्तु मांडतात, आणि बैल काय खातो त्यावरून वर्षाचें भाकीत सांगतात. मध्यंतरीं बंद पडलेली ही चाल भूमिबल राजानें १९६० सालीं पुन्हा सुरू केली. भोकरदन तालुक्यांतील ज्या शेतकऱ्यानें मृगाची वाट पाहत आभाळाकडे डोळे लावले आहेत, त्यास यांतील एकहि गोष्ट परकी वाटणार नाहीं. मद्याची तेवढी वाटेल.

मार्गदर्शक बाईस आम्ही शाळामास्तर होतों असें समजलें, तेव्हांपासून ती आम्हांस 'ख्रू' म्हणूं लागली. ख्रू म्हणजे गुरु. तिनें सांगितलें कीं, जून महिन्यांत तेथील शाळांत गुरुपूजन असतें, आणि तें बहुधा गुरुवारींच करतात. मुलें गुडघे टेकून गुरुजींस फुलें देतात. त्यांत वांग्याचें फूल असतें, कारण तें खालीं मान घालून उमलतें. आणि एक प्रकारचें गवत असतें, कारण तें भराभर पसरतें, तशी विद्या पसरावी. तिनें रस्त्याच्या कडेचें तें गवत दाखविलें. दूर्वा! त्यांचा नमस्काराचा 'सवात्दी' हा शब्दहि एका गुरुजींचीच देणगी आहे : चुलालोंगकॉर्न विद्यापीठांतील फ्रया उपकित सिल्पसान यांनीं 'स्वस्ति' वरून तो घडवून आपल्या विद्यार्थ्यांत रूढ केला, आणि १९४३ सालीं सरकारनें तो सर्वांसाठीं स्वीकारला. चाळीस वर्षें 'नमः स्वस्ति स्वाहा' यांच्या योगें चतुर्थी शिकविली, पण या स्वस्तीला शंभर वर्षांच्या आंत रस्त्यावर उतरविणारा शिक्षक आम्हांस तोंवर ठाऊक नव्हता.

विमानतळाचें नांव सुवर्णभूमि. परतीच्या वाटेवर तेथें समुद्रमंथनाचा भव्य देखावा मांडलेला आहे. मंदारावर विष्णु, एका बाजूस देव व दुसऱ्या बाजूस असुर. सुवर्णभूमीस जहाजानें निघालेल्या महाजनकाची जातककथा भूमिबल राजानें स्वतः नव्यानें लिहून १९९६ सालीं प्रसिद्ध केली. तीच कथा अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत रंगविलेली आहे. राजुराहून अजिंठा सकाळीं निघून संध्याकाळीं परत येण्याजोगा. आमच्या बसमधील किती मंडळींनीं तें लेणें पाहिलें आहे असें सहज विचारलें, तर दोघांनीं हात वर केले. फार कशाला, आमच्या तालुक्याचें भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. उज्जयिनी-पैठण मार्गावरील व्यापारी नगर. तेथील दात्यांचीं नांवें भारहूत आणि सांची येथील स्तूपांवर कोरलेलीं आहेत. म्हणजे बुद्धाच्या स्तूपास दान देणारे लोक येथें नांदत होते त्या काळीं बँकॉकच्या जागीं नुसती दलदल होती. हें नातवास बँकॉकच्या विमानतळावर बसून सांगावें लागलें. आतां चैत्रांत त्यास भोकरदनची लेणीं आणि अजिंठा दोन्ही दाखवावयाचें ठरलें आहे.

हवेविषयीं एवढेंच कीं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. चैत्र-वैशाखांतील तेथील उकाडा मराठवाड्याच्या माणसासहि सोसत नाहीं, कारण त्यांत घाम वाळत नाहीं. ज्यांस दिवस निवडण्याची मोकळीक असेल त्यांनीं कार्तिकी पौर्णिमेचा सुमार साधावा. आपल्याकडे त्रिपुर पाजळतात त्याच सुमारास तेथें लोक केळीच्या सोपटांचे द्रोण करून, त्यांत दिवा व उदबत्ती लावून नदींत सोडतात. त्यास 'लोय क्रथोंग' म्हणतात. त्यांची व आपली तिथि क्वचित् पुढेंमागें होते, म्हणून तेथील दिवस आधीं विचारून घ्यावा आणि मग तिकिटें काढावीं.